तालमीचे वस्ताद आणि मैदानाचे पंच

(श्रीमारुती मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात, शालेय कुस्तीची आयुष्यभर सेवा केलेल्या वस्ताद व पंच मंडळींच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज मंदिराच्या शिखरावर कळस चढला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी भाताची रास विकून त्यातला वाटा काढून ठेवला, तर कोणी काही नाही तरी चार दिवस पाट्या उचलल्या. या सर्वांची नावे स्मरणिकेत छापली जातील आणि ती छापलीच पाहिजेत. परंतु समितीने आणखी एक चांगली गोष्ट केली. देवळाच्या कामात हातभार लावणाऱ्यांबरोबरच, देवाच्या दारात मुले घडविणाऱ्यांचाही सत्कार ठेवला. त्या सत्काराच्या निमित्ताने दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, ती मी शिरसावंद्य मानतो.

मंदिराच्या सोहळ्यात कुस्तीचा काय संबंध, असे एखाद्या तरुणाला वाटेल. मारुतीरायाच्या बाबतीत तरी हा प्रश्न पडू नये. मारुती आणि तालीम या दोन गोष्टी आपल्या वाडवडिलांनी कधी वेगळ्या मानल्याच नाहीत. कोणत्याही आखाड्यात जा, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती असतो आणि त्याला हात जोडल्याशिवाय पोरगा मातीत पाय ठेवत नाही. आपला जिल्हा तर मारुतीचाच. त्र्यंबकेश्वरजवळची अंजनेरी हे त्याचे जन्मस्थान, अशी आपली श्रद्धा आहे. समर्थ रामदासस्वामींनी बारा वर्षे तपश्चर्या केली ती नाशिकजवळच्या टाकळीला, आणि तेथे त्यांनी मारुतीची स्थापना केली. समर्थ तेथे रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरेने सांगतात. भक्ती आणि बलोपासना यांची सांगड घालणारी ही शिकवण आहे. म्हणून या मंडपात वस्तादांना आणि पंचांना बसविले, हे अगदी योग्य ठिकाणी बसविले असे मी म्हणतो.

सत्कारमूर्तींची नावे आणि त्यांच्या सेवेची वर्षे सूत्रसंचालकांनी वाचून दाखविली आहेत. मी ती पुन्हा वाचीत नाही. ही माणसे नेमके काय काम करतात, आणि ते थांबले तर आपले काय नुकसान होईल, एवढेच सांगतो.

प्रथम वस्तादांविषयी. जिंकलेल्या पैलवानाच्या खांद्यावर गदा असते, गळ्यात हार असतो, डोक्याला फेटा असतो. वस्ताद कोठे असतो? तो मैदानाच्या कडेला, घामेजल्या पोराचा सदरा हातात धरून उभा असतो. पहाटे चार-साडेचारला तालमीचे दार उघडणारा तोच. माती उकरणे, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालून ती मऊ व निरोगी ठेवणे, हे त्याचे काम. आपल्या भागात पावसाळ्यात ओल इतकी की माती सांभाळणे हीच एक मेहनत. मग जोर, बैठका, मग लढत. एकेरी पट, ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव काही पुस्तक वाचून येत नाहीत. वस्ताद स्वतः अंगावर घेतो, पुन्हा पुन्हा पडून दाखवितो, तेव्हा कोठे पोराच्या अंगात डाव मुरतो.

शाळेच्या कुस्तीत तर वस्तादाला आणि क्रीडाशिक्षकाला याहून अधिक करावे लागते. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि नशीब असेल तर राष्ट्रीय. प्रत्येक पायरीला प्रवेशिका, जन्माचा दाखला, शाळेचा शिक्का, फोटो, आणि सकाळी वजन. वजनाच्या काट्यावर अर्धा किलो जास्त भरला तर पोराची वर्षभराची मेहनत वाया. टाकेद, कवनई, वैतरणेच्या बाजूच्या वाड्यापाड्यांवरची मुले. ज्यांच्या घरी आवणीच्या दिवसांत एक हातसुद्धा मोकळा नसतो. त्या घरी जाऊन बापाला समजावणारा, पोराला एस.टी.त बसवून नेणारा, येताना रात्र झाली तर आपल्याच घरी जेवू घालणारा माणूस म्हणजे हा शिक्षक, हा वस्ताद. या कामाचा भत्ता कोणत्याही पत्रकात लिहिलेला नसतो. तो खिशातून जातो आणि बहुधा घरच्या बाईच्या संमतीने जातो. म्हणून आज वस्तादांबरोबर त्यांच्या घरच्या माउलींनाही साडी-चोळी देण्यात आली, याचा मला विशेष आनंद झाला.

मंडळी, शिक्षकाचे मोल किती असते याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे हा एकच माणूस आपली लाज राखून उभा होता. हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. पण खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. प्राचार्य स्वतः आखाड्यात उतरणारे नव्हते. विद्यार्थ्याच्या अंगी गुण आहे, एवढे त्यांना दिसले. पदक आल्यावर कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून, स्वतः लढून, त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले, असे सांगतात. गुरू कसा असावा आणि शिष्य कसा असावा, दोन्ही या एका हकिकतीत आले.

खाशाबांच्याच चरित्रात पंचांविषयीही मोठा धडा आहे, आणि तो मला आज मुद्दाम सांगायचा आहे. हेलसिंकीच्या आधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तेथे आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन मागे टाकले, असा खाशाबांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. तेव्हा कोठे त्यांची निवड झाली. पंचाचा एक गुण किती मोठा असतो पाहा! महाराजांनी ऐकले नसते तर आपले पहिले पदक मद्रासच्या मैदानातच पुरले गेले असते.

आणि खुद्द हेलसिंकीत काय झाले? जपानच्या शोहाची इशी याच्याशी खाशाबांची दीर्घ कुस्ती झाली. माणूस थकून गेला होता. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तरी त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले. नियम सांगून आपल्या मल्लाची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा एकटे. ते लढले आणि हरले. इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी झाला. अर्धा तास दम घ्यायला मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. पण नियम जाणणारा एक माणूस कडेला उभा असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले. अंगात ताकद असून भागत नाही. नियम पाळणारे आणि पाळायला लावणारे कोणी असावे लागते. आज आपण ज्या पंचांचा सत्कार करीत आहोत, ते हेच काम तालुक्याच्या मैदानावर वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

पंचाचे काम लोकांना दिसते ते फक्त शिटी वाजविण्याचे. जत्रेतल्या मैदानात त्याचे काम कुस्ती लागायच्या आधीच सुरू होते. नारळावरची, रेवड्यांवरची पोरांची कुस्ती असो की शेवटची मोठ्या इनामाची, जोड लावणे ही सर्वांत अवघड गोष्ट. वजनकाटा नसताना नुसत्या नजरेने उंची, छाती, मान पाहून बरोबरीची जोड लावायची. दुबळ्या पोरापुढे दांडगा उभा केला तर कुस्ती होत नाही, इजा होते. जाणत्या पंचाने लावलेली जोड काटाजोड होते आणि पाहणाऱ्याचे डोळे निवतात. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की नाही, दोन्ही खांदे लागले की एक, हे डोळ्याचे पाते लवायच्या आत ठरवायचे असते. हलगी वाजत असते, दोन्ही गावचे लोक ओरडत असतात, आणि पंचाने कोणाच्या तोंडाकडे न पाहता फक्त खांद्यांकडे पाहायचे असते.

मॅटवरच्या कुस्तीत ही जबाबदारी तिघांची. मॅटवर उभा राहणारा पंच, कडेचा पंच आणि त्यांच्यावर सरपंच. मॅटवरच्या पंचाच्या एका हाताला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. ज्या रंगाचा हात वर त्या पैलवानाला गुण, बोटे जितकी तितके गुण. रेषेबाहेर काढले तर एक, ताबा मिळविला तर दोन, उचलून धोक्यात आपटले तर चार. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. हे सगळे बोलायला सोपे वाटते; प्रत्यक्षात दोघे मल्ल एकमेकांत गुंतून पलटी खात असताना कोणाची पाठ आधी वळली हे ओळखायला आयुष्य घालवावे लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुलांच्या जिवाची. गळा आवळणे, बोटे पिरगाळणे, मान मुरगाळणे हे नियमाने बंद आहे. पण नियम कागदावर असतो. चौदा वर्षांच्या पोराची मान चुकीची अडकली की त्याच क्षणी शिटी फुंकणारा माणूस लागतो. आईबापहो, तुमची मुले कुस्ती खेळून धडधाकट घरी आली, त्यात पंचाच्या नजरेचा वाटा आहे, हे विसरू नका.

पंचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. म्हणतो खरे, पण वागतो कसे? २०२३ साली पुण्याला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेनंतर एका पंचाला धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला तीच स्पर्धा झाली. खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला आणि एका नामवंत मल्लाने भर मैदानात पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद मी येथे काढीत नाही. पंचही माणूस आहे, त्याची नजर चुकू शकते. म्हणून तर आज चित्रफीत पाहून दाद मागण्याची सोय नियमातच ठेवलेली आहे, आणि दाद खोटी ठरली तर समोरच्याला एक गुण जातो, हेही नियमातच आहे. खाशाबांनीसुद्धा दाद मागितली होती. हात उगारून नव्हे, योग्य माणसाकडे जाऊन. लाथ मारल्याने निर्णय फिरत नाही. उलट मैदानाच्या कडेला बसलेली शंभर पोरे तेच शिकून घरी जातात. मग उद्या शाळेच्या स्पर्धेला पंच म्हणून कोण उभा राहील? आणि पंचच मिळाला नाही तर मैदान भरवायचे कोणी?

आता आपल्या जवळचे उदाहरण सांगतो. आपल्या डोंगरापलीकडे, अकोले तालुक्यात, कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथला शेतकऱ्याचा मुलगा हर्षवर्धन सदगीर. भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत गोरखनाथ बलकवडे यांच्या हाताखाली तो तयार झाला आणि पुढे पुण्याला काका पवार यांच्या तालमीत गेला. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, तेव्हा तो नाशिक जिल्ह्याच्या वतीने उतरला होता. समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच शिष्य! वस्तादाच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. हर्षवर्धन तीन विरुद्ध दोन अशा अवघ्या एका गुणाने जिंकला आणि जिंकताच त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदान फिरविले. एका गुणाने हरलेला पैलवान पंचांवर धावून गेला नाही, आणि जिंकलेला माजला नाही. हा गुण रक्तातून येत नाही, तालमीतून येतो.

काका पवार स्वतः अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार मामा, ज्यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले होते. आणि याच परंपरेतला पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली राष्ट्रकुलचे सुवर्ण घेऊन आला. वस्तादाकडून शिष्याकडे, शिष्य पुन्हा वस्ताद, अशी ही माळ आहे. तिच्यातला एक मणी निसटला तर पुढचे सगळे निसटतात. एक वस्ताद थकला आणि त्याच्या जागी कोणी उभा राहिला नाही, तर त्या गावची कुस्ती दहा वर्षांत संपते. आपल्या भागात अशी तालमीची खोली असलेली पण दाराला कुलूप असलेली गावे किती आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सरकारने या सेवेची दखल घेतली नाही असे नाही. देशात मार्गदर्शकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत यांना तो मिळाला. आपले राज्य शासनही शिवछत्रपती पुरस्कारांत मार्गदर्शकांचा आणि जीवनगौरवाचा सन्मान करते. दूर अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर गावी, १९७६ पासून कुस्तीचे एक राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथे मोठमोठ्या विजेत्यांबरोबर, शाळांमध्ये वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या प्रशिक्षकांना आणि पंचांनाही 'कुस्तीच्या आजीवन सेवे'बद्दल गौरविले जाते, तेही राज्याराज्यांत, त्यांच्या आपल्या माणसांसमोर. परंतु पुरस्कारांची यादी कितीही लांब झाली तरी तालुक्याच्या गावातला वस्ताद तिच्यात क्वचितच बसतो. त्याचा मान त्याच्या गावानेच करायचा असतो.

आणि तो वेळेवर करायचा असतो. खाशाबा जाधव १९८४ साली अपघातात गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० साली, मरणोत्तर. ज्या गळ्यात हार घालायचा तो गळाच उरला नाही. समितीने आज या वडीलधाऱ्या मंडळींना त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या शिष्यांसमोर बसवून शाल-श्रीफळ दिले, म्हणून मी समितीचे मनापासून अभिनंदन करतो.

परंतु मंडळी, शाल घडी घालून पेटीत जाते आणि नारळ दुसऱ्या दिवशी फुटतो. सत्कार खरा व्हावा असे वाटत असेल तर मारुतीरायाच्या साक्षीने चार गोष्टी मनावर घ्या, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पहिली, आपल्या जत्रेच्या मैदानात पंचाने दिलेला निर्णय मान्य करायचा. शंका असेल तर त्या पैलवानाच्या वस्तादाने पुढे यावे आणि शांतपणे विचारावे. बाकी कोणी मैदानात पाऊल टाकायचे नाही, मग तो कितीही मोठा देणगीदार असो.

दुसरी, देणगीदारांसाठी. देवळाचे काम पूर्ण झाले, हिशेबात चार पैसे उरले तर ते मातीसाठी आणि मुलांच्या मॅटसाठी ठेवा. नाही उरले तर दरवर्षी एका मुलाच्या खुराकाचा, एका मुलाच्या स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च एकेका घराने उचलावा. खर्डेकरांसारखे घर गहाण टाकायला कोणी सांगत नाही. दूध आणि एस.टी.चे तिकीट, एवढेच मागणे आहे.

तिसरी, तालमीचे दार मुलींनाही उघडा. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा जिंकली. आपल्या लेकी डोंगर चढतात, गुडघाभर चिखलात आवणी करतात. त्यांच्या अंगात काही कमी आहे असे मला वाटत नाही.

चौथी, तरुणांसाठी. ज्यांचे लढायचे वय संपले त्यांनी आखाडा सोडू नये. नियम शिका, पंचांची परीक्षा द्या, या सत्कारमूर्तींच्या शेजारी उभे राहून चार मैदाने पाहा. त्यांची नजर तुमच्याकडे आली पाहिजे. ती पुस्तकात मिळणार नाही, आणि ती देणारी माणसे आज आपल्यासमोर बसली आहेत.

सत्कारमूर्तींनो, आपण किती गदा आणल्या याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. पण आपल्या हाताखालून गेलेली मुले आज पोलिसात आहेत, लष्करात आहेत, गिरणीत, शेतावर, दुकानात, शाळेत आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी कधी जिल्ह्याच्या पुढची कुस्ती केली नाही. तरीही पहाटे उठणे, पडून पुन्हा उभे राहणे, आणि हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे, हे ते आपल्याकडून शिकले. गावाला याहून मोठी देणगी कोणती?

मारुतीराया आपणा सर्वांना निरोगी दीर्घायुष्य देवो, आणि या मंदिराच्या घंटेबरोबर पहाटे तालमीतला शड्डूचा आवाजही या गावात कायम घुमत राहो, अशी प्रार्थना करून माझे दोन शब्द पुरे करतो.

जय बजरंगबली! जय हिंद! जय महाराष्ट्र!